फोर्ट एमरीची पोरं मुक्कामाला

ड्राय विलो गावात बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या पोरांना घरात ठेवून घ्यायची रीत जुनी. सोळा-सतरा वर्षांची पोरं कुठून कुठून खेळायला येतात, मोसमभर कुणाच्या तरी घरी राहतात, तिथलंच जेवतात आणि तिथल्याच शिव्या खातात. वर्ना ह्रिट्सॅककडे अशी पोरं नवरा होता तेव्हापासून येत. तो गेल्यावरही तिनं रीत मोडली नाही. पोरं तिला 'बाबा' म्हणत. तिच्या माहेरच्या युक्रेनियन बोलीत बाबा म्हणजे आजी.

जॅरेट वीब हा त्यातला तिचा सगळ्यात लाडका. गोलरक्षक. आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, अंडं उकडायची अक्कल नव्हती. पुढं विशीत आला तरी तिच्याकडेच. सामन्याच्या दिवशी तिच्या हातच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्याशिवाय तो बर्फावर उतरत नसे, आणि त्याच्या जाळीमागची खुर्ची ती कुणाला देत नसे.

जानेवारीत, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, जेवता जेवता त्याचा फोन वाजला. तो नुसता ऐकत राहिला, "हो सर" म्हणाला आणि ताटाकडे बघत बसला.

"बाबा, मला देऊन टाकलं."

"कुणाला?"

"फोर्ट एमरीला."

वर्नानं हातातलं भांडं खाली ठेवलं. दुसरं कुठलंही गाव चाललं असतं. फोर्ट एमरी नदीपल्याड, आणि दोन्ही गावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आजे-पणजांपासूनचं. ड्राय विलोत कुणाचं लग्न ठरलं की म्हातारे आधी विचारत, "पोरगी एमरीची नाही ना?"

जॅरेटच्या बदल्यात जो गोलरक्षक आला, त्याचं नाव मातीस, क्वेबेककडचा; तोही वर्नाकडेच उतरला. घरी फ्रेंच बोलणारा. इथली भाषा त्याला अडखळत यायची. जेवण झालं की "मेर्सी" असे फ्रेंचमधून आभार मानून ताट धुवायचा आणि वर जायचा. खोली जॅरेटचीच. भिंतीवर जॅरेटचा फोटो होता. तो वाकडा झाला की मातीस सरळ करायचा, पण काढला कधी नाही. वर्ना त्याला खाऊ-पिऊ घालण्यात कमी करत नव्हती, पण तिचं मन नदीपल्याड होतं. पोराला ते कळत होतं, आणि त्याला कळतंय हे तिलाही.

मार्चमध्ये बाद फेरीत नेमकी हीच दोन गावं समोरासमोर आली. सातांपैकी चार सामने जिंकेल तो पुढं. सहावा सामना रविवारी दुपारी ड्राय विलोत होता. ड्राय विलोला आणखी एक विजय, की एमरीचा काटा निघणार होता. वर्नाचा भाऊ ओरेस्ट रिंकवर, म्हणजे हॉकीच्या छपराखालच्या मैदानावर, बर्फ घासायची गाडी चालवायचा. तो मुद्दाम तिच्या खुर्चीपाशी थांबला.

"आज टाळ्या कुणाला, वर्ना? डाव्या हाताने एकाला, उजव्याने दुसऱ्याला?"

"तू तुझा बर्फ घास."

जॅरेट त्या दिवशी भिंतीसारखा उभा राहिला. मातीसही काही कमी खेळला नाही, पण शेवटी शेवटी एक साधासा फटका त्याच्या दोन पायांमधून सरपटत आत गेला. एमरी जिंकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आमचा जॅरेट परत द्या! ही चाळण काय कामाची?" मैदानाभोवतीच्या काचेपलीकडे मातीसची मान खाली गेली. ते शब्द त्याला बरोबर समजले होते. वर्ना वळून कडाडली, "लाज वाटते का? तुझा नातू असता तर असाच बोलला असतास?"

सामना चालू असतानाच बाहेर बर्फाचं वादळ उठलं होतं. समोरचं माणूस दिसेना. पोलिसांनी महामार्ग बंद केला, आणि एमरीची बस गावाच्या वेशीवरून परत आली. गावातलं एकुलतं मॉटेल अडकलेल्या ट्रकवाल्यांनी भरून गेलेलं. गावकरीही वारा पडायची वाट बघत कॉफी पीत रिंकमध्येच बसले होते. ओरेस्टनं माइक हातात घेतला.

"मंडळी, एमरीची पोरं अडकलीत. कोण कोण नेतंय घरी?"

जो तो आपल्या कपात बघायला लागला. घडीभरापूर्वी ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांना पांघरुणं द्यायची? पोरं खांद्यावर बोजे घेऊन उभी होती. जॅरेट वर्नाकडे बघत होता. मग सगळं गावच वर्नाकडे बघायला लागलं.

ती उठली. पाय जॅरेटकडेच वळत होते. तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी तिला मातीस दिसला, लाल डोळ्यांचा, जाऊ की थांबू अशा अवस्थेत. जॅरेटला आज घरी नेलं, तर तो आपल्या जुन्या जागी हक्कानं बसेल, आणि हे पोर हरून आपल्याच घरी पाहुणा होईल.

"तो तांबड्या केसांचा धिप्पाड माझ्याकडे," ती म्हणाली.

तो ग्रॅडी. त्यानंच ड्राय विलोच्या कप्तानाला काचेवर चेचलं होतं. लोक हसायला लागले. "ह्या म्हातारीलाच काय ती अक्कल आहे," म्हणत एकेकजण उठला आणि एकेक पोरगा घेऊन गेला. जॅरेटचा चेहरा उतरला. त्याला ओरेस्टनं नेलं.

घरी ग्रॅडी पिरोगीवर तुटून पडला. मातीस नुसता काट्यानं एक पिरोगी इकडून तिकडे ढकलत होता. मग म्हणाला,

"बाबा, त्याला का नाही आणलं?"

'बाबा' त्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"खोली तुझी आहे. आणि आज तू हरून आलास."

"हरलो माझ्या पायांमुळे. तो काय करणार?" शब्द शोधत तो बोलत होता. "ओरेस्ट काय खायला देतो?"

"डब्यातलं सूप."

"मग आणायलाच पाहिजे."

ओरेस्टचं घर दोन घरं सोडून होतं. मातीस कुंपण धरधरून गेला आणि जॅरेटला घेऊन परतला तेव्हा दोघंही पिठात लोळल्यासारखे पांढरे झाले होते. मागोमाग ओरेस्टही आला. "मला सोडून पिरोगी खाता काय रे?"

जॅरेट उंबऱ्यातच थांबला. "बाबा, मला वाटलं तू रागावलीस."

"रागावले असते तर तुझ्यासाठी पिरोगी झाकून ठेवल्या असत्या? बूट काढ, पाणी करतोयस घरभर."

वर्नानं मग त्याला कारण सांगितलं, मातीससमोरच. जॅरेटनं खुर्च्या बाजूला सारल्या आणि मातीसला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं. "डाव्या पायावर भार टाकतोस, म्हणून उजवा उशिरा मिटतो. बाबा, एक बटाटा दे." बटाटे फरशीवरून सुटायला लागले आणि मातीस गुडघे मिटून अडवायला लागला.

ग्रॅडीच्या तोंडातला घास तसाच राहिला. "अरे गधड्या, तू आमच्याकडून खेळतोस ना? याला काय शिकवतोस?"

"ह्या घरचं मीठ खाल्लंय," जॅरेट म्हणाला. "तूही खातोयस. बटाटे फेक."

सातवा सामना फोर्ट एमरीत झाला. लांबत लांबत जादा वेळेत गेला आणि ड्राय विलोनं तो जिंकला. फटका ग्रॅडीच्याच स्केटला लागून जॅरेटच्या जाळीत वळला. ही ज्युनियर पोरांची हॉकी; विशी गाठलेल्याला पुढच्या मोसमात तिचं दार बंद असतं. जॅरेटचा हा शेवटचाच सामना; तो बर्फावर बसून राहिला. ड्राय विलोची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होती. त्यांना वळसा घालून मातीस मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेला आणि त्यानं जॅरेटला हाताला धरून उठवलं. दोघं बराच वेळ डोक्याला डोकं लावून उभे होते.

"आता का रडतेस?" काचेमागं शेजारी बसलेल्या ओरेस्टनं वर्नाला विचारलं. "जिंकलो ना आपण!"

"तुला नाही कळायचं."

पुढच्याच फेरीत ड्राय विलोचा धुव्वा उडाला, ती गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात जॅरेट गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला लागला, आणि थंडी पडल्यावर रिंकवर चिमुरड्या गोलरक्षकांना शिकवायला लागला. राहायला वर्नाकडेच, पण तळघरात; वरची खोली मातीसची. मातीस नव्या मोसमाला परतला तो आईला घेऊनच. बाईंना फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं आणि वर्नाला फ्रेंचचा गंध नव्हता. तरी दोघींनी दुपारभर कणीक मळत गप्पा मारल्या. काय बोललात म्हणून पोरांनी विचारलं, तर वर्ना म्हणाली, "तुमच्याच कागाळ्या, दुसरं काय?"