सुतळीला बांधलेला पेन

मी एक जुना पेन आहे. चोरीला जाऊ नये म्हणून इस्पितळातल्या नेत्रविभागाच्या टेबलाला मला सुतळीने बांधलं आहे. ज्यांना मी धड दिसतही नाही ते मला चोरणार कसे, हा प्रश्न मित्रांनो, इथे कुणालाच पडला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. भावंडं हजारो. कुणी परीक्षेला बसलं, कुणी प्रेमपत्रांत झिजलं. माझ्या वाट्याला आलं चौकटीत खुणा करणं. डोळ्यांचा आजार कायमचा मागे लागलेली माणसं समोर बसत आणि पाहणीवाली ताई त्यांना त्यांचं जगणं कसं चाललंय ते विचारी. उत्तरांवरून शेवटी एक आकडा निघे: त्रास जितका कमी, आकडा तितका मोठा. "पेन मात्र झकास चालतो हं," असं ती एकदा म्हणाली होती. त्या एका कौतुकावर मी दोन रिफिली काढल्या.

एकदा शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. सोबत मुलगा. काचबिंदूने काकूंची नजर कडेकडेने कुरतडत आणली होती.

"काकू, चहा गाळताना त्रास होतो?"

"होतो की! निम्मा कपात, निम्मा ओट्यावर. हल्ली माझ्यापेक्षा ओटाच जास्त चहा पितो."

"रस्ता ओलांडताना?"

"होतो."

"शिवताना?"

"होतो गं. पण कापड हाताला कळतं. आणि मशीनवर बसल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नाही."

मी तिन्हीकडे 'फार त्रास' अशी खूण केली. आकडा तळाला गेला आणि मुलाचा चेहरा त्याच्याही खाली.

मुलगा वाईट नव्हता. आईवर त्याचा फार जीव. म्हणून त्याने आईला ओट्यापाशी फिरकू देणं बंद केलं, दाराला वरची कडी घातली आणि मशीन माळ्यावर चढवलं.

वर्षाने दोघं पुन्हा आली.

"चहा गाळताना?"

"गाळतच नाही."

माणूस जे करतच नाही त्याचा प्रश्न सोडून द्यायचा आणि उरलेल्या उत्तरांची सरासरी काढायची, असा ताईचा नियम. तिने चहा सोडला. रस्ता सोडला. शिवणं सोडलं.

"खुर्चीत बसून गप्पा ऐकताना?"

"छे! बसण्यात तर मी आता पटाईत झालेय."

आकडा एकदम वर! ताई खूश. मुलगा हरखून म्हणाला, "बघ आई, केवढी सुधारलीस!"

"मग मशीन खाली काढतोस?"

"आत्ता कुठे सगळं चांगलं चाललंय. कशाला उगाच?"

ताईने सहीसाठी मला पुढे ओढलं आणि माझी सुतळी सुटली. ताईने गाठ मारली, निसटली. मुलाने मारली, निसटली. काकूंनी चाचपडत टोक धरलं. एक वळसा, एक पीळ. ती गाठ आजवर हललेली नाही. गाठ मारता येते का, हा प्रश्न यादीत नव्हता.

मशीन अजून माळ्यावरच आहे. काकूंचा आकडा दरवर्षी वाढतोच आहे.

मित्रांनो, आपल्या माणसाला जरूर जपा. फक्त त्याची सुतळी किती लांब ठेवलीत, तेवढं बघा. माझी वीतभर आहे. टेबलाची पलीकडची कड मी कधी पाहिलेली नाही. पण मी हरवलो नाही, पडलो नाही, माझी काही तक्रारही नाही. म्हणजे तुमच्या हिशेबाने माझं उत्तम चाललंय.