दहा महिने कमी

इवासे-सानांनी कागद दोन्ही हातांनी उचलला आणि सहीऐवजीचा आपल्या नावाचा शिक्का न मारताच श्रीहरीसमोर परत ठेवला.

"अकरावं कलम माझ्या बाबतीत खरं नाही," ते म्हणाले.

कोबेतल्या त्या जुन्या इमारतीचा मालक बदलला होता आणि नव्या कंपनीला सगळ्या भाडेकरूंचे करार नव्याने हवे होते. रहिवासी मंडळाच्या कामाची पाळी यंदा श्रीहरीवर आलेली, त्यामुळे दारोदार फिरून कागद गोळा करणं त्याच्या गळ्यात पडलं. दहा वर्षांत त्याचं जपानी इतकं पक्कं झालं होतं, की दुसऱ्या मजल्यावरची आजी औषधांची माहितीपत्रकंसुद्धा त्याच्याकडून वाचून घ्यायची. अकरावं कलम त्याने आधीच वाचलं होतं. मी कुठल्याही टोळीत नाही आणि गेल्या पाच वर्षांत नव्हतो, असं त्यात लिहून द्यायचं होतं.

इवासे-सान टोळीत नुसते नव्हते, टोळी त्यांचीच होती. ऐन ऑगस्टातही गोंदण झाकायला मनगटापर्यंत बाह्या आणि टोळीच्या रिवाजात कापलेली डाव्या करंगळीची दोन पेरं गायब. इमारतीत कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. हा माणूस एके काळी गोदीवर पोती उचलायचा. पोत्यांवरून मुकादमीवर गेला, मुकादमीवरून वसुलीवर, आणि पंचेचाळिशीत दोनशे माणसं त्याला पाहून कमरेत वाकायला लागली. किती घरं त्याने धुळीला मिळवली, हे तो स्वतःही सांगत नसे. पोलिसांनी जंग जंग पछाडलं, पण एक गुन्हा शाबित होईल तर शपथ.

दोन हजार अकराच्या भूकंपानंतर त्याने उत्तरेकडे पांघरुणांचे आठ ट्रक पाठवले. त्याच वर्षी टोळीवाल्यांशी व्यवहार करणाऱ्यालाही जबाबदार धरणारे नियम सगळीकडे लागू झाले. बँकेने खातं बंद केलं, रोजच्या डबेवाल्याने डबा बंद केला, माणसं एकेक करून पांगली. शेवटी एका वसंतात तो स्वतःच चौकीत गेला आणि टोळी मोडल्याचं लिहून देऊन आला. पण टोळी सोडली तरी पाच वर्षं डाग पुसला जात नाही. ना खातं, ना फोन, ना घर. जुन्या मालकाने तोंडी बोलीवर ठेवून घेतलं म्हणून डोक्यावर छप्पर होतं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा दादा माणूस इमारतीचा कचरा वेगळा करायचा. श्रीहरीच्या बायकोने, अनघाने, जळाऊ कचऱ्यात काचेच्या बाटल्या टाकल्या, तर गुपचूप काढून ठेवायचा.

"चार वर्षं दोन महिने झालेत," ते म्हणाले. "दहा महिने कमी पडतात."

"शिक्का मारला नाहीत तर घर जाईल तुमचं."

"जाईल."

"अहो इवासे-सान, कोण बघतंय? नुसती फॉर्मॅलिटी आहे. सगळेच मारतात."

पुण्यात त्याने अशा ढीगभर कागदांवर न वाचता सह्या ठोकल्या होत्या. कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याला म्हाताऱ्याची खरंच कणव आली होती.

"तुम्ही नीट वाचलंय ना?"

"वाचलंय. मी सांगतो ना, काही होत नाही."

"तुम्ही म्हणता तर," म्हणून इवासे-सानांनी शिक्का मारला. संध्याकाळी श्रीहरीने अनघाला थोडं फुशारकीनेच सांगितलं, की म्हातारा घाबरत होता, मीच मारायला लावला.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी दोन पोलीस श्रीहरी-अनघाच्या दारात उभे राहिले. कंपनीने सगळी नावं तपासायला पाठवली होती. खोटं लिहून देऊन घर मिळवलं, या फसवणुकीच्या गुन्ह्यात इवासे-सानांना अटक झाली होती. पोलिसांच्या दोन पिढ्यांना जे जमलं नाही, ते एका शिक्क्याने करून दाखवलं.

अनघाने पाहुण्यांना बसायला खुर्च्या दिल्या. श्रीहरीचा जपानमध्ये कायम राहण्याचा अर्ज सात महिन्यांपासून सरकारदरबारी पडून होता. पोलिसांच्या एका शेऱ्याने तो केराच्या टोपलीत गेला असता.

त्यांतला वयस्क पोलीस लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, सोप्या जपानीत बोलत होता.

"इवासे म्हणतात, श्रीहरी-सानांना जपानी वाचता येत नाही. त्यांनी फक्त कागद गोळा केले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. बरोबर ना?"

म्हाताऱ्याने कोठडीत बसून श्रीहरीसाठी वाट मोकळी करून ठेवली होती. तिच्यातून जायची त्याला लाज वाटत होती, आणि जायचंही होतं.

"अरे, सांग ना त्यांना," अनघा मराठीत म्हणाली. "ते नाही म्हणत होते, तूच मारायला लावलास. त्यांच्या मनात फसवायचं नव्हतं एवढं तरी कळू दे. या वयात तुरुंगात मरतील रे ते."

पोलिसाने अदबीने तिच्याकडे पाहिलं, मग श्रीहरीकडे.

"मिसेस काय म्हणतायत?"

श्रीहरीने मान खाली घातली. दहा वर्षांपूर्वी विमानातून उतरल्यावर बोलायचा तसा, एकेक शब्द चाचपडत तो जपानीत म्हणाला,

"चहा... घेणार का... विचारते."