काठी दोघांच्या हातात

मित्रांनो, मी एक जुनी पुतळी आहे. सोन्याची, आणि थेट व्हेनिसची! तिथल्या टाकसाळीत दोन ठशांमध्ये मला ठेवले आणि वरून घण घातला. घाव सोसूनच मी जन्मले. पुढे जहाजातून हिंदुस्थानात आले. माझ्या अंगावर दोन माणसे आहेत. एक काठी धरून उभा, दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून. त्यांना पाहूनच इथल्या लोकांनी मला पुतळी म्हटले.

धुळ्याजवळच्या खेड्यातल्या रुक्माबाईला तिच्या आईने लग्नात मला दिले. माळेत ओवायला मला कान, म्हणजे कडी, लावायची राहूनच गेली. रुक्माबाई मला पदराच्या गाठीत बांधी. नवरा लोटन पिऊन आला की काठी काढी. तिच्या पाठीवर वळ उठत. मग न्हाणीत बसून ती मला तळहातावर घेई आणि गुडघे टेकलेल्या माणसाला बाई समजून विचारी, "तुले बी मारस का वं तो?"

मला फार वाईट वाटे, पण सोन्याला कुठे बोलता येते?

१९८८ साली लोटनने मला आटवून विकायचे ठरवले. आयत्या बिळावर नागोबा! त्याने पदर हिसकला. तिने मूठ आवळली, तशी त्याने मुठीवरच काठी हाणली. तिचे बोट मोडले. माझे अंग रक्ताने माखले. बाईने समोर येऊन हो म्हटल्याशिवाय जळगावचा सराफ बाईचे सोने घेत नसे, म्हणून लोटनने तिलाही ओढत नेले.

सोने आटवायची मूस तापली होती. जुनी नाणी जमवणारे बन्सीलालभाऊ दुकानात बसले होते. त्यांनी मला भिंगाखाली धरले.

"अहो, थांबा! हिला कान लावलेला नाही, घासून चेहरे झिजवलेले नाहीत. आटवली तर नुसते सोने. अशीच ठेवली तर संग्राहक कितीतरी पट देतील."

लोटनचे डोळे चमकले. रुक्माबाईने मात्र माझ्यावरच्या दोघांकडे बोट दाखवून भलतेच कारण विचारले, "भाऊ, तो तिले काब्र मारी राहिना?"

"मारतोय कुठे, अक्का? उभा आहे तो संत. खाली बसलाय तो व्हेनिसचा प्रमुख. संत त्याला काठीला लावलेले निशाण देतोय. नीट बघा, काठी दोघांनी धरली आहे."

ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग सराफाला म्हणाली, "माले इकनी नही शे." सराफाने मला तिच्याच हातात दिले.

घरी अंगणात पाय ठेवताच लोटनने काठी उगारली. रुक्माबाई खाली बसली नाही. मोडक्या बोटाच्याच हाताने तिने काठी वरच्या वर पकडली.

"आते मी बी धरेल शे," ती म्हणाली.

त्याने हिसडे दिले, शिव्या दिल्या. तिच्या बोटातून पुन्हा रक्त आले, पण मूठ सुटली नाही. शेवटी काठी त्यानेच सोडली.

मित्रांनो, जुने नाणे हाती आले तर ते घासू नका, आटवू नका. त्याच्यावर काय कोरले आहे ते आधी नीट पाहा. रुक्माबाईला ते कळेपर्यंत तिचे बोट मोडले होते.