विकायला नसलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप आहे. जवळा बाजार या गावात संगिताताईंचं शेतीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. तिथे दाराजवळच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. माझ्यानंतर आलेले किती तरी पंप विकले गेले, मी मात्र आजवर विकला गेलो नाही. आणि याचाच मला अभिमान आहे!

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक होतो. ट्रकमध्ये घासलो आणि टाकीवर लांबलचक ओरखडा उठला. मग काय, गिऱ्हाईक मला उचलायचं, ओरखडा बघायचं आणि नाक मुरडून शेजारच्या पंपाकडे वळायचं. फार वाईट वाटायचं. शेवटी ताईंनी मला फळीवरून उतरवलं. ज्याचा पंप दुरुस्तीला येईल, त्याला तोवर मला वापरायला द्यायचं, तेही फुकट, असं त्यांनी ठरवलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

पण एक भीती असते. पंपात आधी कुणी तणनाशक भरलं असेल आणि तो नीट धुतला नसेल, तर उरल्यासुरल्या थेंबांनीही कपाशीची पानं वाकडी होतात. म्हणून ताई मला नळीसकट सोड्याच्या पाण्यानं धुवायच्या आणि शेवटचं पाणी दारातल्या डब्यातल्या कपाशीवर फवारायच्या. मी खरंच स्वच्छ झालो की नाही हे पानांवरून कळावं, म्हणून ते झाड त्यांनी मुद्दाम लावलं होतं.

यंदा समोर कुणीतरी मोठं दुकान थाटलं. भोंगा, पताका, खरेदीवर छत्री भेट! आमच्याकडे माश्या मारायची पाळी आली. हंगाम असाच गेला तर दुकान बंद करावं लागेल, असं ताई फोनवर आईला सांगत होत्या. खिळ्यावरून मी सगळं ऐकलं.

अशात तांड्यावरचे भीमसिंगकाका गळका पंप घेऊन आले. तो पंप आमच्या दुकानातला नव्हताच. त्यांच्या कपाशीवर मावा ही कीड पडली होती आणि लागणारा वॉशर वसमतहून दुसऱ्या दिवशी येणार होता.

"काका, तवर हा न्या. पैसे न्हाई लागत," ताई मला काढत म्हणाल्या.

"काहून? म्या तर तुमच्याकडून काडीबी घेतली न्हाई."

"तुमची फवारणी थांबाय नको, बस्स."

"अन् माझी कपाशी जळली तं? याच्यात कुणी काय भरलं व्हतं, कुणाला ठाव?"

ताईंनी शपथा घेतल्या नाहीत. त्यांनी मला काकांसमोर धुतलं आणि डब्यातल्या झाडावर शेंड्यापासून बुडापर्यंत फवारलं. काकांनी वाकून पानं उलटून पाहिली. झाड बोंडांनी लगडलेलं होतं.

"हर खेपेला याचंच पाणी?"

"व्हय काका, याचंच."

काकांनी मला पाठीवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त पंप घेऊन ताई स्वतःच स्कूटीवरून तांड्यावर आल्या. काका मला परत करू लागले, तर म्हणाल्या, "राहू द्या बाजाराच्या दिवसापर्यंत. दोन पंपांनी लवकर उरकंल." काकांनी ही गोष्ट तांडाभर सांगितली.

बाजारच्या दिवशी काका मला घेऊन आले, आणि त्यांच्यामागे अर्धा तांडा! भोंगा ओरडत राहिला. मंडळी त्याच्या समोरून सरळ आमच्याकडे वळली. कुणी नवा पंप घेतला, कुणी नळी, कुणी पुढच्या फवारणीचं सगळं सामान. फळी रिकामी झाली.

"मला मात्र हाच पायजे," काका माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाले.

"काका, हा विकायचा न्हाई. उद्या कुणाचं अडलं तर मी काय देऊ?"

काका हसले. त्यांनी बादली मागितली, आपल्या हातानं मला खळखळून धुतलं आणि सगळ्यांदेखत शेवटचं पाणी डब्यातल्या कपाशीवर फवारलं. ताईंचे डोळे भरून आले. माझा ओरखडा त्या दिवशी कुणालाच दिसला नाही.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू नुसती परत करू नका, स्वच्छ करून द्या. मला न धुता कधीच खिळ्याला अडकवू नका. उद्या मी ज्याच्या पाठीवर जाईन, त्याचं सगळं शेत माझ्या भरवशावर असेल.