थर्नसी आडनावाची माणसं

माझ्या नवऱ्याचं आडनाव थर्नसी. लग्नाआधी मी पास्क होते, हेझेल पास्क, आणि कारखान्याच्या नाचाच्या कार्यक्रमात गॉर्डनने पहिल्यांदा आपलं नाव सांगितलं तेव्हा मला वाटलं की याला शिंक आली. पुढे तेच नाव मला बँकेत, दवाखान्यात, खाटकाच्या दुकानात एकेक अक्षर फोडून सांगावं लागलं, आणि इतक्या वर्षांत एकदाही ते कोणाला पहिल्या झटक्यात लिहिता आलं नाही. लेस्टरच्या टेलिफोनच्या पुस्तकात थर्नसी एकच होते, आम्ही. गॉर्डनचे आईवडील तो लहान असतानाच गेले, भावंडं नव्हती, आम्हालाही मूल झालं नाही. त्यामुळे हे नाव आमच्याबरोबर संपणार, हे आम्ही दोघं त्याबद्दल कधी न बोलता धरूनच चाललो होतो.

गॉर्डन मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला, तेव्हा त्याच्या हातांना काहीतरी हवं म्हणून मी त्याला लायब्ररीत जायला सांगितलं. तिथे देशभरातल्या शहरांची टेलिफोनची पुस्तकं होती, व्यापाऱ्यांच्या आणि रहिवाशांच्या नावपत्त्यांची जुनी पुस्तकंही होती. तो आपलं आडनाव शोधू लागला. पहिला सापडला ब्रिस्टलमध्ये, एक बसड्रायव्हर. त्या दिवशी गॉर्डन घरी आला तो रस्त्यात पाकीट सापडल्यासारखा चेहरा करून.

पुढचे कित्येक महिने तो खुशीत होता, आणि खरं सांगायचं तर मीही. मागच्या खोलीत त्याने देशाचा नकाशा लावला आणि टाचण्या टोचायला सुरुवात केली. कार्डिफला एक कुटुंब, ग्लासगोला दोघी बहिणी, डोव्हरजवळ एक विधुर. नावाचा उगमही त्याने शोधून काढला. यॉर्कशरच्या पूर्वेला जो चिकणमातीचा किनारा दरवर्षी समुद्रात ढासळत असतो, तिथे फार पूर्वी थर्नसी नावाचं गाव होतं. ते चर्चसकट, शेतांसकट पाण्यात गेलं, आणि माणसं पांगली.

एकदा जेवताना तो म्हणाला, "गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? तिथे तर सगळेच तिथले. बाहेर पडलं की मग लोक विचारतात, हा कुठला? म्हणजे हे आडनाव गाव सोडून आलेल्यांचंच."

मी म्हटलं, "सोडून आलेल्यांनी बटाटे तरी गरम असताना खावेत." तो हसला. असा तो हसायचा.

नकाशातली ती गोष्ट प्रथम त्याच्याच लक्षात आली. बाकीची दुर्मीळ आडनावं, त्याने दोनचार पडताळून पाहिली होती, टेबलावर सांडलेल्या चहासारखी पसरत जातात. आज एका परगण्यात, नातवंडांच्या काळात पाच परगण्यांत. आमचं तसं नव्हतं. जुन्या पुस्तकांत थर्नसी लोक सर्वांत दूरवर होते, कॉर्नवॉलच्या टोकाला, आयर्लंडला. पुढच्या प्रत्येक पिढीत ते थोडे त्या बुडालेल्या गावाकडे सरकलेले दिसत. आणि ज्यांना त्याने स्वतः गाठलं होतं, ती माणसंही वर्षभराच्या आत घरं बदलू लागली. ग्लासगोच्या बहिणींचा फोन लागेना. डोव्हरचा विधुर कुठे गेला ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. गॉर्डन टाचण्या उपटून उजवीकडे, त्या एकाच किनाऱ्यावर टोचत राहिला. मी विचारलं, तुला काय माहीत ते तिथेच गेले असतील? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या टाचणीकडे, आणि ती टोचली.

ब्रिस्टलचा बसड्रायव्हर, विल्फ थर्नसी, त्या वसंतात आमच्याकडे चहाला थांबला. बुटका, गुलाबी गालांचा, गप्पिष्ट माणूस. त्याने मला एका लग्नाचा नवरदेव कसा बसमध्येच राहून गेला होता ती गोष्ट सांगून पोट धरून हसवलं. बाहेर त्याची व्हॅन उभी होती आणि तिच्यात त्याचं सगळं घर भरलेलं होतं. गॉर्डनने त्याला विचारलं की राहायला त्या किनाऱ्यावरच का, आणि आत्ताच का. विल्फचा चेहरा एकदम कोरा झाला, शाळेत न केलेल्या अभ्यासाबद्दल विचारल्यासारखा.

"काय सांगू," तो म्हणाला. "तुम्हाला सकाळी उठवतं कोण?"

तो गेल्यावर गॉर्डन रोज खिडकीपाशी उभा राहू लागला. जूनमध्ये मीच म्हटलं, चल, एकदा बघून येऊ. डोळ्यांनी पाहिलं की मनातलं निघून जाईल असं मला वाटलं.

किनाऱ्यावर कड्याच्या वर गवताचं एक मैदान होतं आणि त्यावर कॅरॅव्हान, म्हणजे सुट्टीसाठीची चाकांवरची घरं, उभ्या होत्या. मी लहानपणापासून अशा तळांवर सुट्टी काढलेली आहे. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे असतात, त्याचेच तर पैसे मोजायचे. इथे तसं नव्हतं. कॅरॅव्हान समोरासमोर दोन रांगांत होत्या, मध्ये रस्ता सोडलेला, आणि तो रस्ता सरळ जाऊन कड्यावर तुटत होता. उभं राहून पाहिलं की वाटायचं, तो तिथे संपत नाही, पुढे पाण्यातून तसाच गेला आहे. मुलं नव्हती, रेडिओ नव्हता. सगळे थर्नसी होते, आणि तिथे कोणी कोणाला आडनावाने हाक मारत नव्हतं.

गॉर्डन गाडीतून उतरला आणि कोणालाही न विचारता चालत जाऊन उजव्या रांगेतल्या एका रिकाम्या जागेत उभा राहिला. दोन कॅरॅव्हानच्या मध्ये एका कॅरॅव्हानची जागा मोकळी होती, आणि तिथलं गवत कापलेलं होतं.

शेजारच्या दारातून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. तिचं नाव एनिड. ग्लासगोच्या बहिणींतली धाकटी. तिने गॉर्डनला नुसती मान हलवली, आपण रोजच्या शेजाऱ्याला हलवतो तशी, आणि मला चहा दिला.

"माहेरचं नाव काय तुमचं?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"मग तुम्हाला इथे थंडी वाजेल," ती म्हणाली, आणि खरंच आतून एक शाल आणून माझ्या खांद्यांवर घातली. जून महिना होता, ऊन होतं. मला थंडी वाजत होती.

आम्ही एक रात्र राहायचं ठरवून गेलो होतो, ऑक्टोबरपर्यंत राहिलो. तळाचा मालक कील्ड नावाचा स्थानिक माणूस होता. त्याने त्या रिकाम्या जागेत आम्हाला एक जुनी कॅरॅव्हान लावून दिली. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की कडा रोज झिजतोय, कड्याजवळच्या कॅरॅव्हान मागे घ्या असं तो यांना वसंतापासून सांगतोय, परगण्याच्या कचेरीतली माणसंही येऊन गेली. "ऐकून घेतात, केक देतात," तो म्हणाला. "मी कधी इतक्या सभ्य माणसांना इतका घाबरलो नव्हतो, मिसेस थर्नसी." मी गॉर्डनला परत चल म्हणत होते. तो नाही म्हणतच नव्हता. उद्या, म्हणायचा. तो सुखात होता, हेच मला सहन होत नव्हतं. माझ्याशी तो पूर्वीइतकाच प्रेमाने वागायचा, माझे पाय दाबायचा, पण पाहुण्याचे दाबावेत तसे.

ऑक्टोबरातली ती दुपार अगदी शांत होती. वारा नव्हता, समुद्र सपाट होता. कड्याजवळच्या दोन कॅरॅव्हानमधल्या माणसांनी सकाळी गाद्या उन्हात टाकल्या, पायऱ्या धुतल्या, आणि दुपारच्या जेवणानंतर आत जाऊन दारं लावून घेतली. डावीकडच्या कॅरॅव्हानमध्ये विल्फ राहायचा. दार लावताना त्याने मला हात केला. मी कपडे वाळत घालत होते. आवाज फार मोठा नव्हता. ओलं पोतं पायरीवरून घसरावं तसा. मान वर केली तेव्हा रस्ता आखूड झाला होता.

मी धावले. कड्याखाली तपकिरी पाणी फिरत होतं आणि त्यात एक पडदा तरंगत होता. मी ओरडत मागे वळले तर सगळे आपापल्या दारात उभे होते. कोणी रडत नव्हतं, कोणी पुढे आलं नाही. एनिडने उन्हातली आपली उशी उचलली, झटकली आणि आत नेली. गॉर्डन माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ओरडू नकोस, हेझेल. त्यांना लाज वाटेल."

कील्डने पोलिसांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही. मी गॉर्डनला गाडीत बस म्हटलं. तो बसला. मला वाटलं होतं की झटापट होईल, पण त्याने पट्टाही स्वतःच लावला. वाटेत आम्ही मासे आणि चिप्स खाल्ले. लेस्टरला पोहोचल्यावर मी मागच्या खोलीतला नकाशा उतरवून मोरीत जाळला, आणि तो शेजारी उभा राहून राख धुवायला नळ सोडत राहिला.

हिवाळा चांगला गेला. डॉक्टर म्हणाले, कामधंदा सुटला की माणसं असल्या नादांना लागतात, आता ते बरे आहेत. आणि तो बरा होता. त्याने कुंपण रंगवलं, शनिवारी फुटबॉल पाहायला जाऊ लागला. शेजारच्या मिसेस सोढांनी नाताळला मसाल्याचे काजू दिले, तेव्हा तो त्यांच्या नवऱ्याशी कुंपणावरून अर्धा तास बोलला. मला वाटलं, गेलं ते.

मार्चमध्ये मिसेस सोढा सांगायला आल्या की त्यांचं घर विकलं गेलं. विकायचं नव्हतंच, पण एक बाई आली आणि इतकी चांगली बोलली की नवरा हो म्हणून बसला. नव्या शेजारणीचं सामान आलं त्या दिवशी मी पडदा बाजूला केला. एनिड पायऱ्या उतरत होती. तिने मला पाहिलं आणि मान हलवली.

मी तशीच बाहेर गेले. इथे का आलात, असं मी तिला विचारलं, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"मध्येच जागा रिकामी ठेवून कसं चालेल?" ती म्हणाली. मग समजूत काढल्यासारखी ती पुढे म्हणाली, "गॉर्डनला तिकडे परत आणता येत नव्हतं हो. तो जिथे आहे तिथे आम्ही."

उन्हाळ्यापर्यंत आमची गल्ली भरली. समोरचं घर, त्याच्या पलीकडचं, मग कोपऱ्यावरचं. काही जण जोडीने आले, नवरा किंवा बायको बाहेरची. ती माणसं माझ्यासारखीच फुटपाथवर घुटमळत उभी राहायची आणि एकमेकांची नजर टाळायची. पोस्टमनला गंमत वाटायची. आता कुठल्याही दारात टाकलं तरी चालतं, म्हणायचा. मी केटरिंगला माझ्या बहिणीला, मिरियमला फोन केला आणि सगळं सांगितलं, म्हणजे सांगता आलं तेवढं. ती म्हणाली, नवऱ्याचे नातेवाईक जवळ राहायला आले म्हणून कोणी घर सोडतं का? मी तर पळूनच गेले असते, असंही म्हणाली, मला हसू यावं म्हणून. आम्ही दोघी हसलो. मग मी फोन ठेवला.

मी गॉर्डनला म्हटलं, आपण घर विकू. तो म्हणाला, विकू. मी घरं विकून देणारा माणूस आणला. तो घर पाहून गेला आणि पुन्हा आला नाही. मग गल्लीच्या मधोमध रस्त्याला एक लांब चीर गेली. पाण्याची पाइपलाइन फुटली असेल म्हणून पालिकेची माणसं खणायला आली. त्यांना पाइप धड सापडला. खालून मात्र ओली, तपकिरी चिकणमाती निघत राहिली, कितीही उपसली तरी. त्यातल्या एकाने बोटाला लागलेलं मातीतलं पाणी चाखून थुंकलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, इथून समुद्र किती लांब आहे हो? त्याने खड्डा बुजवला आणि तो लवकर निघून गेला.

काल सकाळी गॉर्डन लवकर उठला होता. मी खाली आले तेव्हा न्याहारी मांडलेली होती, आणि खुर्चीवर माझी छोटी बॅग भरून ठेवलेली होती. माझा बाहेरचा कोट त्याने इस्त्री केला होता.

"मिरियमकडे जाऊन ये," तो म्हणाला.

"आजच?"

"साडेदहाची बस आहे."

"आणि तू?"

त्याने कोट उघडून धरला. मी हात घातले. त्याने एकेक बटण लावलं, कॉलर नीट केली, आणि मग कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नवऱ्याने बायकोकडे पाहावं तसं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मी विचारलं, मी थांबले तर? तो म्हणाला, "तुला जागा नाही गं तिथे. मी विचारून पाहिलं." दार त्याने उघडलं, आणि माझ्यामागे हळूच लावून घेतलं.

बसथांबा गल्लीच्या तोंडाशी आहे. एरवी त्या वेळी तिथे कोणी नसतं. काल तिथे रांग होती. समोरच्या घरातला नवरा, कोपऱ्यावरची बायको, पलीकडच्या दोघांचा म्हातारा जावई. सगळ्यांच्या अंगात चांगले कोट होते आणि हातात एकेक छोटी बॅग. मी शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्या पुढच्या माणसाने, वळून न पाहता, विचारलं, "बहिणीकडे?" मी हो म्हटलं. "मी भावाकडे," तो म्हणाला.

बस वेळेवर आली. दार उघडलं, आणि पहिली बाई पायरी चढली. तिकिटाचे सुटे घ्यायला ड्रायव्हरने हात पुढे केला. मग मागून ओलं पोतं पायरीवरून घसरावं तसा आवाज आला, त्याची नजर आमच्या डोक्यांवरून मागे, गल्लीकडे गेली, आणि हात तसाच हवेत राहिला.

आमच्यातल्या कोणीच वळून पाहिलं नाही.