घुबडाची ओळ

दादाला इंटरनेटचा नाद लागला तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि ते येईपर्यंत मोडेम शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं केकाटायचं. हा माणूस टेलिफोन खात्यात लाइनी दुरुस्त करणारा, त्यामुळे घरात वायरींना तोटा नव्हता. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. केस गेले, नोकरी संपली, ‘ही माझी सवत’ असं कॉम्प्युटरला म्हणून म्हणून बायको थकली. पण दुपारचा चहा झाला की दादा ‘कट्ट्या’वर हजर. कट्टा म्हणजे एक जुनाट वेबसाइट. तिथं दोन-चारशे रिकामटेकडे लोक टोपणनावं घेऊन जगाचा निकाल लावत बसायचे. दादाचं तिथलं नाव घुबड.

घुबडाला तिथं मान होता बरं का. बाकीचे पानंच्या पानं लिहायचे, घुबड एकच ओळ टाकायचा. ‘पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायला लावतात, सरकार मात्र पाच वर्षं तेच’ ही ओळ तर इतकी फिरली, की एका लग्नात कुणा अनोळखी माणसानं ती दादालाच ऐकवली. दादा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसला आणि घरी येऊन दोन दिवस हवेत होता. कट्ट्याचा कारभारही त्याच्याकडेच होता, आणि त्याचा नियम एकच, लिहिलेलं पुसायचं नाही. थुंकलेलं चाटायचं नसतं, असं तो नवख्यांना ठणकावून सांगायचा.

तर मतमोजणीच्या दिवशी कट्ट्यावर कुणीतरी एक फोटो टाकला. मोजणी केंद्राच्या मागच्या दारानं एक बाई बाहेर पडतेय, पाठमोरी, डोक्याला स्कार्फ, खांद्यावर फुगलेली पिशवी. खाली प्रश्न होता, यात काय असेल बुवा? दादाच्या एका हातात कप, दुसऱ्यात फोन, फोटो नखाएवढा. दुसरं कुणी आधी बाजी मारेल या धास्तीनं त्यानं तो उघडूनही पाहिला नाही आणि ओळ ठोकून दिली: ‘लोकशाही निघाली घरी, पिशवीत बसून.’

तीनशे लोक हसले. दादानं ती ओळ स्वतःच पुन्हा चार वेळा वाचली. संध्याकाळपर्यंत कुणी ती फोटोवर चिकटवली आणि फोटो गावभर झाला. जसजसा तो फिरला तसतसा त्यातला विनोद गळून गेला आणि आरोप तेवढा उरला. मतं चोरून नेणारी बाई म्हणून लोक तिला शोधायला लागले. तिसऱ्या दिवशी नाव निघालं. ती दादाची सख्खी धाकटी बहीण होती.

धाकटी प्राथमिक शाळेत शिक्षिका. निवडणुकीचं काम गळ्यात पडलं म्हणून गेली होती. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, शाल आणि गुडघ्याचा पट्टा. शाळेनं तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. वर्गातल्या चौतीस मुलांपैकी एकतीस जणांच्या आईबापांनी सह्या करून कळवलं, आम्हाला या बाई नकोत. फाटकावर कुणीतरी ‘चोर’ लिहून गेलं. तिच्या नवऱ्यानं रॉकेल लावून घासलं, तरी ते वाचता येत होतं.

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा दादानं तो फोटो पहिल्यांदा मोठा करून पाहिला. ती निळी पिशवी खात्यानं त्याला दिलेली; निवृत्त झाल्यावर त्यानं ती धाकटीला देऊन टाकली होती. तिचा तुटलेला पट्टा त्यानं स्वतः टेलिफोनच्या पिवळ्या वायरीनं शिवला होता. स्वतःच्या हातचे टाके त्याला दिसले नव्हते.

मग चार दिवस सर्दीचं निमित्त करून तो धाकटीकडे फिरकलाच नाही. बायको म्हणाली, बहिणीवर आभाळ कोसळलंय आणि तुम्ही कसले नाक पुसत बसलाय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. फोन वाजला तरी हा दचकायचा.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी स्वतःच आली. तीच पिशवी खांद्याला. चौकशीवाल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, की हे पहिल्यांदा कुणी लिहिलं ते शोधून आणा. लिहिणाऱ्यानं डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं, नुसतीच जीभ उचलून टाळ्याला लावली होती, एवढं ठरलं तर प्रकरण तिथंच मिटतं. तिला वाटलं, यात काय मोठंसं, इंटरनेटमधला जाणता माणूस घरातच आहे. तिनं भाबडेपणानं खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

कारभारी म्हणून त्याला ती ओळ गुपचूप पुसता आली असती; एक बटण दाबलं की घुबड सुटला. आणि धाकटी बुडाली. खरं सांगायचं तर त्याचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं. शेजारी ती चष्मा पुसत होती, पडद्यावरचं नीट वाचता यावं म्हणून. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानं ओळ उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

तिनं सावकाश वाचलं. “हा घुबड कोण?”

“मी.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. धाकटीनं पुन्हा एकदा वाचलं.

“पिशवी ओळखली नाहीस?”

“बघितलीच नाही.”

“मग लिहिलंस कशाला?”

“लोक हसतील म्हणून,” तो म्हणाला. मग त्याला रडू फुटलं. तिनं त्याला रडू दिलं, गप्प केलं नाही.

“उद्या अकराला चौकशी आहे,” ती म्हणाली. “तिथं येऊन हेच सांग. खऱ्या नावानं. मग शाळेत सांग, त्या एकतीस घरांतही सांग.”

येतो, म्हणाला. चहासाठी ती थांबली नाही. लहानपणी तिचं दप्तर तोच उचलायचा, आजही ती निघाली की पिशवी फाटकापर्यंत तोच न्यायचा. सवयीनं त्यानं हात पुढे केला. धाकटीनं पिशवी स्वतःच खांद्याला अडकवली, पिवळे टाके आतल्या बाजूला वळवले.

“राहू दे, दादा,” ती म्हणाली. “लोक फोटो काढतात.”