हमदानच्या हातची मदीदा

माझ्या नवऱ्याला, बाबिकरला, तिसऱ्यांदा रक्ताची उलटी झाली तेव्हा आम्ही त्याला मदनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी कालव्यात डुंबलात, त्या पाण्यातल्या किड्यांनी लिव्हर पार निबर करून टाकलंय. अन्ननळीतल्या शिरा फुगून फुटताहेत. उद्या दुर्बीण घालून रबराच्या कड्यांनी बांधू. तोवर पोटात काही जाता कामा नये. पाणीसुद्धा नाही."

आमच्या गझिऱ्यात, सुदानच्या या कालव्यांच्या मुलखात, कालव्यात डुंबल्याशिवाय मोठं कोण झालंय? मी नुसती मान हलवली.

सकाळी बघते तर हमदान दारात. माझा थोरला दीर. कालव्याचं पाणी आधी कुणाच्या शेतात, यावरून दोघं भाऊ बारा वर्षं बोलत नव्हते. त्याच्या हातात मदीदाचं भांडं होतं, दूध-तूप-खजूर घालून शिजवलेली गरम लापशी.

"तोमा, चमचा दे," तो मला म्हणाला. मग भावाकडे वळला. "बाबिकर, झालं गेलं सोड. माझ्या हातून खा रे."

आमच्याकडे समेटाचा घास नाकारला की भांडण पोरांच्या गळ्यात पडतं. बाबिकरनं माझ्याकडे पाहिलं. भाऊजी, आत्ता नको, एवढंच म्हणायचं होतं मला. पण बारा वर्षं जावेच्या दारावरून मान खाली घालून जाताना मी विटले होते. मी तोंड फिरवलं. त्यानं पाच-सहा चमचे गिळले आणि कितीतरी दिवसांनी हसला.

तासाभरानं नर्सनं मला मानानं हाक मारून विचारलं, "हाज्जा, यांनी काही खाल्लं नाही ना?"

"घोटभर पाणीही नाही," मी म्हणाले.

शिरा व्यवस्थित बांधल्या गेल्या. पण गुंगीत पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात उतरलं. दुसऱ्या दिवशी ताप, मग धाप. चौथ्या दिवशी तो गेला. छातीचा फोटो हातात धरून डॉक्टर विचारत राहिले, "उपाशी माणसाच्या छातीत हे आलं कुठून?" मी जमिनीकडे बघत होते.

शोकाच्या मांडवात हमदान येईल त्याला सांगत होता, "शेवटचा घास माझ्या हातचा खाल्ला त्यानं. अल्लानं वेळेवर पोचवलं मला." लोक त्याला धन्य म्हणत होते. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. तिसऱ्या दिवशी त्याला परसात गाठलं आणि सगळं तोंडावर फेकलं. "तुमच्या त्या घासानंच मेला तो!"

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं.

"मला ठाऊक नव्हतं गं, तोमा. तुला ठाऊक होतं ना?"